बाईंच्या कॅसेटी: एका बीबीसी मायक्रोच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

चिपळूणहून खोकं आलं. वर गोणपाट, आत थर्माकोल आणि जुनी वर्तमानपत्रं. ॲकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो संगणक, मॉडेल बी. सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात कॅसेटी. पाठवणाऱ्या बाई गणित आणि भूगोल शिकवायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शाळेनं यंत्राचं निर्लेखन केलं तेव्हा लिलावात त्यांनी ते स्वतः घेतलं आणि माळ्यावर ठेवलं. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा खालच्या खोलीतलं सगळं गेलं, माळ्यावरचं वाचलं.

यंत्राच्या उजव्या बाजूला लाल ऑइलपेंटनं डेडस्टॉक नंबर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या रजिस्टरमधला क्रमांक, लिहिलाय. संग्राहक असले आकडे थिनरनं पुसून टाकतात. मी पुसणार नाही. हे यंत्र कुठल्या रजिस्टरमधून आलं याचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे. प्लॅस्टिक पिवळं पडलंय, तेही तसंच राहू दे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं, पण माझं लक्ष कॅसेटींकडे आहे.

हे यंत्र कोकणात कसं पोचलं तेही इथे लिहून ठेवतो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं शाळांत संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे २५० शाळा होत्या आणि यंत्र म्हणून बीबीसी मायक्रो निवडला गेला. ब्रिटनमध्ये बीबीसीनं लोकांना संगणक शिकवण्यासाठी दूरचित्रवाणी मालिका काढली होती. तिच्या जोडीला केंब्रिजच्या ॲकॉर्ननं १९८१ च्या अखेरीस हे यंत्र बाजारात आणलं. ३२ केबी मेमरी आणि २ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ प्रोसेसर असलेल्या या मॉडेल बीची तिथली किंमत ३९९ पौंड होती. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडनं ॲकॉर्नशी करार करून हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ नावानं भारतात बनवलं. माझ्याकडे आलेलं मात्र विलायती आहे, तळाच्या लेबलवर तसं छापलंय.

बाईंनी चिठ्ठीत लिहिलंय: “चालू झाला तर उत्तम. पण आधी कॅसेटी बघ. त्यात मुलांचं काम आहे.”

१५ जून

वरचं झाकण काढलं. आत पालीची अंडी, मातकट धूळ आणि बोर्डच्या एका कडेला हिरवट चढ. खाऱ्या हवेत तीस-पस्तीस वर्षं काढलेलं तांबं असंच दिसतं. धूळ रंगाच्या मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं काढली.

डाव्या हाताला पॉवर सप्लायची पत्र्याची पेटी असते. वायर भिंतीतल्या सॉकेटला लावायच्या आधी ही उघडायलाच हवी. जुनं यंत्र घरी आणून “चालतंय का बघू” म्हणून थेट बटण दाबणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. या पेटीत २३० व्होल्टच्या तारेवर थेट बसवलेले दोन गाळणी कपॅसिटर असतात, एक ०.१ मायक्रोफॅरडचा आणि दुसरा ०.०१ चा. आत धातूचा थर दिलेला कागद, वर पारदर्शक पिवळसर प्लॅस्टिक. वर्षांनुवर्षं तापून आणि गार होऊन त्या प्लॅस्टिकला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून दमट हवा कागदात मुरते आणि वीज मिळाली की थोड्या वेळात स्फोट होऊन खोलीभर धूर पसरतो. भिंगातून पाहिलं तर दोन्हींवर भेगांचं जाळं आहे. दोन्ही काढले.

आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये यंत्र चालताना सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही काही वेळ राहतात. हे यंत्र कित्येक वर्षं बंद होतं, तरीही मीटर लावून शून्य पाहिलं आणि मगच बोट लावलं. सवय मोडायची नाही.

२२ जून

पुण्याची बुधवार पेठ, पासोड्या विठोबाच्या मागचा भाग. एक्स-टू वर्गाचे (घरच्या विजेच्या तारेवर थेट बसवायचे), २७५ व्होल्ट एसी लिहिलेले, आता मिळणारे प्लॅस्टिक फिल्मचे दोन कपॅसिटर, आणि २२० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक. या यंत्राच्या सप्लायमध्ये तोही हमखास सुकतो आणि मग चालू करताना सप्लाय नुसता टिकटिकत राहतो. तिन्हींचे मिळून एका जेवणाइतकेही पैसे झाले नाहीत. दुकानदार काकांनी “कशाला हवाय एक्स-टू?” विचारलं. सांगितल्यावर त्यांनी आपणहून दोन जास्तीचे दिले. “आमच्या शाळेत पण होता हा. हात लावू देत नव्हते,” म्हणाले.

पडद्याचा प्रश्न भारतात सोपा आहे. बीबीसी मायक्रोच्या मागे बीएनसी सॉकेट असतं, म्हणजे सीसीटीव्हीचंच. जुन्या बाजारात सीसीटीव्हीचा चौकोनी काचेचा मॉनिटर मिळाला, तीच वायर थेट बसते. बोर्डवरची एक लिंक जोडल्याशिवाय त्या सॉकेटमधून फक्त कृष्णधवल चित्र येतं. अक्षरं वाचायला तेच बरं, कडा स्वच्छ दिसतात. लिंक जोडणार नाही.

३० जून

पालख्या पुण्यात आल्यात, सगळे रस्ते बंद. दिवसभर घरी बसून काम.

नवे कपॅसिटर बसवले. सप्लाय बोर्डपासून सोडवून आधी एकटा तपासला. असला सप्लाय पुढे काही न जोडता चालवला तर नीट वागत नाही, म्हणून ५ व्होल्टच्या तारांवर मोटरसायकलच्या टेललाइटचा २१ वॅटचा बल्ब लावला. त्यातून सुमारे १ अँपिअर जातो आणि तो मंद तांबूस पेटतो. मीटरवर ५.०४. उणे ५ ची तारही ठीक. तासभर चालू ठेवला. वास नाही, आवाज नाही.

मग बोर्डला जोडला. बटण दाबताच ‘बूऽऽऽ’, आणि तो आवाज थांबेना. पडदा कोरा.

या यंत्राची ही गोष्ट मला फार आवडते. वीज मिळाली की आवाजाची चिप स्वतःहूनच घुमायला लागते. प्रोसेसर जागा होऊन रॉम (आज्ञावली कायमची साठवलेली चिप) वाचू लागला की तो त्या चिपला गप्प करतो आणि छोटा ‘बीप’ देतो. म्हणजे ‘बू-बीप’ ऐकू आलं तर प्रोसेसर, रॉम आणि मेमरी निदान बोलताहेत. नुसतं ‘बू’ म्हणजे वीज पोचली, पण प्रोसेसरला आज्ञावली वाचता येत नाहीये. दोष कुठे शोधायचा ते कानानं कळतं.

७ जुलै

दोष सॉकेटांत होता. मोठ्या चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात आणि त्यांचे पाय खाऱ्या हवेनं काळे पडले होते. ऑपरेटिंग सिस्टिमची रॉम, बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची रॉम, ६५०२ आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या दोन्ही ६५२२ अशा एकेक चिपा सपाट पट्टीनं दोन्ही टोकांकडून थोड्या थोड्या उचलून बाहेर काढल्या. पाय काचतंतूंच्या पेननं चमकेपर्यंत घासले, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले, सॉकेटमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारला आणि चिपा परत बसवल्या.

बू-बीप.

पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’, खाली ‘ॲकॉर्न डीएफएस’, त्याखाली ‘बेसिक’, आणि मग आज्ञेची वाट पाहणारं बाणाचं चिन्ह. बटण दाबल्यापासून इथवर यायला एक सेकंदही लागत नाही.

डीएफएस म्हणजे फ्लॉपी डिस्कची रॉम. शाळेनं केव्हातरी डिस्कची सोय करून घेतलेली दिसते. ड्राइव्ह मात्र आलेला नाही.

१० जुलै

कीबोर्ड. ‘ए’, ‘९’ आणि नारिंगी फंक्शन कीजपैकी दोन दाबल्या तर लागत नव्हत्या. प्रत्येकीच्या दांडीशी अल्कोहोलचे दोन थेंब सोडून शंभरेक वेळा दाबल्या. लागल्या. बाकी साबणाचं पाणी.

२१ जुलै

आता मुख्य काम. डब्यातल्या बहुतेक कॅसेटी ६० मिनिटांच्या, गाण्यांच्या दुकानात मिळायच्या तशाच. लेबलांवर बाईंचं वळणदार अक्षर: ‘८ वी ब, नद्या’, ‘त्रिकोण’, ‘हजेरी’, ‘मुलांचे सराव’.

दोन कॅसेटींच्या टेपच्या कडेवर पांढरी बुरशी आहे. बुरशीची टेप डेकमध्ये घातली तर टेपही जाते आणि डेकचं डोकंही (टेप वाचणारं हेड) घाण होतं. त्या वेगळ्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवल्या. बाकीच्या कॅसेटींचे स्क्रू काढून आतला दाबपट्टीचा छोटा फेल्ट पाहिला. डिंक वाळून बऱ्याच ठिकाणी फेल्ट निखळलाय. नवे फेल्ट चिकटवले आणि टेप हातानं पुढे-मागे फिरवून मोकळी केली.

यंत्रात थेट लोड करून बघायचा मोह होतो. मी तसं करत नाही. जुनी टेप आणखी किती वेळा चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून पहिली फेरी नेहमी ध्वनिमुद्रणासाठी. डेकची वायर लॅपटॉपला, ४४.१ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. एमपी३ नाही आणि खरखर कमी करणारं कुठलंही सॉफ्टवेअर नाही, कारण माणसाच्या कानाला जी खरखर वाटते तिच्यातच माहिती असू शकते.

डेकच्या डोक्याच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्यानं डोक्याचा कल बदलतो. या टेपा ज्या डेकवर भरल्या त्याचा कल वेगळा होता, त्यामुळे आवाज बोदा येत होता. टेप चालू ठेवून स्क्रू अगदी थोडा फिरवत गेलो. एका ठिकाणी तीव्र स्वर एकदम धारदार झाला. तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटसाठी हे नव्यानं करावं लागतं.

२७ जुलै

मुद्रण झालेल्या फाइली उलगडल्या. बीबीसी मायक्रोची टेपवरची भाषा साधी आहे. शून्य म्हणजे १२०० हर्ट्झची एक लाट, एक म्हणजे २४०० हर्ट्झच्या दोन. प्रोग्रॅम २५६ बाइटच्या खंडांत कापून लिहिलेला असतो. प्रत्येक खंडाच्या डोक्यावर फाइलचं नाव, खंडाचा क्रमांक आणि मेमरीतला पत्ता. डोक्याची आणि मजकुराची वेगवेगळी १६ बिटांची पडताळणी बेरीजही असते, तिला सीआरसी म्हणतात. वाचताना ती जुळली नाही तर यंत्र ‘डेटा?’ म्हणतं आणि टेप मागे घ्यायला सांगतं. लॅपटॉपवर मी हेच करतो, फक्त टेप न झिजवता.

बहुतेक फाइली पहिल्याच फेरीत सुटल्या. चाळीसेक वर्षं कोकणात पडलेल्या साध्या कॅसेटी! या पद्धतीचा सावकाशपणा, सेकंदाला फार तर १२० अक्षरं, तेव्हा लोकांना नकोसा व्हायचा. आज त्यानंच माहिती वाचवली आहे. प्रत्येक बिट टेपवर इतकी जागा अडवतो की थोडी झीज त्याला पुसू शकत नाही.

‘मुलांचे सराव’ या कॅसेटवर दहा-दहा, बारा-बारा ओळींचे कितीतरी प्रोग्रॅम आहेत. फाइलचं नाव म्हणजे मुलाचं किंवा मुलीचं नाव. कुणी पाढे काढलेत, कुणी पडदाभर आपलं नाव तिरकं सरकवत नेलंय, कुणी रेल्वेचा डबा काढलाय. कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती.

‘नद्या’ मध्ये दोन खंड खराब.

३ ऑगस्ट

‘नद्या’ तसाच, खराब खंडांसकट, प्रत्यक्ष यंत्रात भरून पाहिला. लॅपटॉपवर उलगडलेल्या फाइलीतून पुन्हा स्वच्छ आवाज तयार केला आणि तो मोबाइलवरून टेपच्या सॉकेटमध्ये दिला. ज्या मोबाइलमधून तो आवाज दिला त्याचा प्रोसेसर एआरएम घराण्यातला आहे. पहिली एआरएम चिप १९८५ मध्ये ॲकॉर्नमध्येच बनली आणि सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी ती बीबीसी मायक्रोला जोडूनच चालवून पाहिली. विल्सन यांनीच या यंत्राचं बेसिक लिहिलं होतं.

पहिल्यांदा ‘नो रूम’. प्रोग्रॅम मोठा, जागा कमी. कारण डीएफएसची रॉम. ती बसवली की डिस्कच्या कामासाठी पावणेतीन केबी मेमरी ती आधीच राखून ठेवते. हा प्रोग्रॅम बाईंनी ती रॉम येण्याआधी लिहिलेला असणार. ‘स्टार टेप’ आज्ञा देऊन ‘पेज’ची खूण (प्रोग्रॅम मेमरीत जिथून सुरू होतो ती जागा) पुन्हा टेपच्या जागेवर, षोडशमान ई०० वर, आणली आणि परत भरला. चालला.

पडद्यावर मराठी आलं. शिरोरेघेसकट, वेलांट्यांसकट. वर मथळा ‘नदी ओळखा’, खाली प्रश्न. मी खुर्ची पुढे ओढून बराच वेळ नुसता बघत राहिलो. या यंत्रात देवनागरी नाहीच. रॉममध्ये रोमन लिपी आहे, आकडे आहेत, बाकी काही नाही. भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये आली. त्याआधी एका माध्यमिक शाळेत कुणीतरी ही अक्षरं एकेक ठिपका मांडून काढली होती.

११ ऑगस्ट

प्रोग्रॅमची यादी, म्हणजे त्याच्या सगळ्या ओळी, काढून अक्षरं कशी बनवलीत ते वाचलं. आजची नोंद लांब होणार.

बीबीसी मायक्रोत ‘व्हीडीयू २३’ ही आज्ञा स्वतःचं अक्षर बनवायला देते. ८ बाय ८ चा चौकट-कागद घ्यायचा, घरं रंगवायची, प्रत्येक आडव्या ओळीचा एक आकडा करायचा. डावीकडून पहिल्या घराची किंमत १२८, मग ६४, ३२, १६, ८, ४, २, १. रंगवलेल्या घरांची बेरीज म्हणजे त्या ओळीचा आकडा. पण अशी अक्षरं सहजपणे फक्त ३२ मिळतात, २२४ ते २५५ या क्रमांकांवर. बत्तीस अक्षरांचे मिळून २५६ बाइट, तेवढीच जागा यंत्रानं त्यासाठी ठेवलीय. मराठीची व्यंजनंच बत्तीसपेक्षा जास्त. वर स्वर, मात्रा, उकार, जोडाक्षरं. बसायचं कसं?

बाईंनी अक्षरं पूर्ण काढलीच नाहीत. त्यांनी काना वेगळा काढला.

यादीतली ओळ अशी आहे: व्हीडीयू २३,२२४,२५५,१६,१६,१६,१२७,१४४,९६,०. कागदावर मांडून बघा. २५५ म्हणजे सगळी आठ घरं भरलेली, ती शिरोरेघ. मग तीन ओळी १६, म्हणजे एकच ठिपका, वरून खाली येणारी बारीक रेघ. १२७ म्हणजे पहिलं घर सोडून सातही भरलेली, ती आडवी रेघ उजव्या कडेला जाऊन भिडते. १४४ आणि ९६ मिळून खालची गाठ. हा अर्धा म. पुढची ओळ २३,२२५ ची: २५५, आणि मग सात वेळा १२८. वर शिरोरेघ, डाव्या कडेला उभी रेघ. हा काना. दोन्ही शेजारी छापले की १२७ ची आडवी रेघ बरोबर कान्याला टेकते आणि म पुरा होतो. शिरोरेघ दोन्ही घरांत कडेपर्यंत असल्यामुळे आपोआप जुळते, शब्दभर सलग चालते.

आता हिशेब बघा. ग, त, न, प, म, व, श, स ही सगळी कान्याची अक्षरं. प्रत्येकाचा फक्त अर्धा भाग काढला की काम झालं, आणि तोच अर्धा भाग जोडाक्षरातही चालतो. ‘शास्त्री’मधला अर्धा स वेगळा काढावा लागत नाही, तो आधीच आहे. तोच काना आकारासाठी, तोच पहिल्या वेलांटीत अक्षराआधी, दुसरीत अक्षरानंतर, ओकारातही तोच. वेलांटीचं वरचं वळण वेगळं चिन्ह. ते शिरोरेघेच्या वर यायला हवं, पण शिरोरेघ तर चौकटीच्या सगळ्यात वरच्या ओळीत आहे. मग त्या वळणासाठी कर्सर एक ओळ वर न्यायचा (व्हीडीयू ११), वळण छापायचं, एक घर मागे (८), परत खाली (१०). उकारासाठी याच्या उलट. म्हणून मजकुराच्या दोन ओळींमध्ये त्यांनी रिकाम्या ओळी सोडल्यात आणि पडद्यावर एका वेळी थोडाच मजकूर मावतो. प्रश्न इतके आटोपशीर का आहेत त्याचं कारण हे.

हे वर-खाली जाणं त्यांनी ‘प्रोक-मात्रा’ आणि ‘प्रोक-उकार’ अशा स्वतंत्र नावांच्या उपक्रमांत (प्रोग्रॅममधल्या छोट्या प्रोग्रॅमांत) टाकलंय. त्या काळातल्या बऱ्याच घरगुती संगणकांच्या बेसिकमध्ये ओळीच्या नंबरावर उड्या मारत जाण्याखेरीज सोय नव्हती. बीबीसी बेसिकमध्ये उपक्रमाला नाव देता येत होतं आणि ती सोय इथे पुरेपूर वापरलेली दिसते. आठवीतल्या मुलानं यादी वाचली तरी ‘मात्रा’ कुठे काढली ते त्याला सापडेल.

शब्दसुद्धा निवडून घेतलेत. वाशिष्ठी, शास्त्री, सावित्री, काजळी, मुचकुंदी, जगबुडी. ‘ष्ठ’ साठी एक घर खर्ची पडलंय, पण आपल्याच गावच्या नदीचं नाव गाळायचं कसं? त्याऐवजी ‘झ’ आणि ‘ढ’ काढलेच नाहीत.

१८ ऑगस्ट

बाईंना फोन केला. काना वेगळा काढायचं सुचलं कसं, असं विचारलं.

“अरे, त्यात सुचायचं काय! पाटीवर शिकवताना आपण तसंच शिकवतो. आधी कान्याची अक्षरं एकत्र घ्यायची. काना मुलांच्या हातात बसला की निम्मी अक्षरं झाली.”

चौकट-कागदाचं विचारलं, तर म्हणाल्या, “आलेखाची वही. मशीन मोजके, मुलं चाळीस. प्रत्येकाची पाळी यायची कधी? म्हणून एकेक अक्षर एकेकाला दिलं. वहीत काढून आणायचं, बेरजा करून आणायच्या, मग फळ्यावर सगळ्यांनी तपासायचं. चुकलेली बेरीज मशीनवर चढवायची नाही असा नियम होता. ष्ठ कुणी काढला ते मला अजून आठवतं. फार अवघड होता तो.”

मशीनसमोर बसायला मिळालं नाही त्या मुलानंही प्रोग्रॅममधलं एक अक्षर केलं. संगणक शिक्षणाची इतकी चांगली योजना मी आजही फार थोड्या ठिकाणी पाहिलीय.

१ सप्टेंबर

खराब खंडांपैकी पहिला पूर्ण सुटला. रीत लिहून ठेवतो, कुणालाही उपयोगी पडेल.

सीआरसी जुळत नाही याचा अर्थ २५६ च्या २५६ बाइट गेले असा नाही. वेव्ह फाइल मोठी करून पाहिली तर एकाच ठिकाणी लाट जवळजवळ सपाट झालीय. लांबी सेकंदाचा साठावा भाग. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे पाऊण मिलिमीटरचा ओरखडा. एक बाइट टेपवर दहा बिटांचा असतो (पुढे-मागे एकेक जादा), तेव्हा १२०० च्या वेगानं या जागेत बरोबर दोन बाइट बसतात. बाकीचे २५४ शाबूत.

आधी आजूबाजूचं वाचलं. बीबीसी बेसिकची प्रत्येक ओळ टेपवर १३ या खुणेनं सुरू होते, मग ओळीचा नंबर दोन बाइटमध्ये, मग ओळीची लांबी. लांबीवरून पुढची ओळ कुठे सुरू व्हायला हवी ते कळतं. ती तिथेच सुरू होतेय, म्हणजे मधला एकही बाइट गळलेला नाही, फक्त दोन वाचता येत नाहीत. ही ओळ ‘डेटा’ची आहे, नदीच्या नावातल्या चिन्हांचे क्रमांक स्वल्पविराम देऊन लिहिलेत. एका क्रमांकातला ‘२’ दिसतो, पुढचे दोन अंक गेलेत.

आता सीआरसी कामाला येते. सोळा बिटांची पडताळणी असेल आणि लागोपाठचे सोळाच बिट हरवले असतील, तर जुळणारं उत्तर एकच असतं. दोन बाइटच्या ६५,५३६ शक्यता. लॅपटॉपनं त्या सगळ्या बसवून पाहिल्या, एक जुळली. ते दोन बाइट आकडेच निघाले, ३ आणि ८. क्रमांक २३८. यादीत २३८ म्हणजे अर्धा श. त्या ओळीत पुढे काना, काना, अर्धा स, मग ‘त्र’, काना आणि वर दुसरी वेलांटी. शास्त्री. गणितानं दिलेलं उत्तर आणि भूगोलानं दिलेलं उत्तर एकच आलं.

१५ सप्टेंबर

दुसरा खंड असा सुटणार नाही. तिथे टेपला घडी पडलीय आणि सलग तीसेक बाइट गेलेत. एवढ्या शक्यतांत सीआरसी जुळवणारी उत्तरं अगणित निघतील, त्यातलं खरं कोणतं ते सांगायला काहीच आधार नाही. टेप दुसऱ्या डेकवर, कल बदलून, थोड्या कमी वेगानं चालवून पुन्हा मुद्रित केली. घडीच्या जागी चुंबकीय थरच उडालाय.

त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला ‘नद्या’चीच जुनी आवृत्ती सापडली, कमी प्रश्नांची. हरवलेली ओळ तिच्यात आहे, पण शब्दरचना थोडी वेगळी असू शकते, कारण शेजारच्या ओळी बाईंनी नंतर बदललेल्या दिसतात.

म्हणून दोन फाइली ठेवतोय. पहिली टेपवर जशी मिळाली तशी, भोकासकट, सोबत मूळ वेव्ह मुद्रण. तिला मी हात लावणार नाही. उद्या कुणाकडे याहून चांगली रीत आली तर त्यांना मूळ लाट मिळायला हवी, माझा अंदाज नको. दुसरी चालणारी. तिच्यात जुन्या आवृत्तीतली ओळ घातलीय आणि तिच्या आधी ‘रेम’ (नुसत्या टिपणाची ओळ) टाकून ती कुठून घेतली ते लिहिलंय.

बाईंना दोन्हींबद्दल सांगितलं. चालणारी त्यांना पेनड्राइव्हवर पाठवतोय, त्यांच्या नातीच्या लॅपटॉपवर एम्युलेटर (या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून दिलाय. ‘मुलांचे सराव’मधल्या फाइली मात्र खुल्या करणार नाही. त्यांवर मुलांची नावं आहेत. बाई जुन्या विद्यार्थ्यांना विचारताहेत, ज्याची त्याची फाइल ज्याला त्याला मिळेल, पुढचं तो ठरवेल.

बुरशीच्या दोन कॅसेटी पाऊस संपेपर्यंत सिलिका जेलमध्येच. त्यांतल्या एकीवर ‘त्रिकोण, ९ वी’ लिहिलंय. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कवच उघडून टेप नव्या कवचात घालायची आणि कोरड्या मऊ कापडातून एकदाच, हळू, पुढे न्यायची. त्यासाठी स्क्रूची कवचं हवीत, चिकटवलेली नकोत. जुन्या बाजारात बघून ठेवायची.